धड व्हिस्टाचं, डोकं स्विफ्टचं

जोयड्याकडच्या बाजारकुणंगच्या रस्त्यावर लांबून जीपचा आवाज आला की पोरं गाडी ओळखत नाहीत, इंजिन ओळखतात. "प्यूजो आली." "ही ट्रॅक्टरची." "ह्या आवाजाचं काय सांगता येत न्हाई, मालकालाच इचारा." बॉनेटवर काय लिहिलंय याची कुणी दखल घेत नाही. बॉनेट गंजतं, बदललं जातं, दुसऱ्याच जीपचं येऊन बसतं. त्याखालचं इंजिन एका कंपनीचं, त्यामागचा गेअरबॉक्स दुसऱ्या जमान्यातला, आणि क्राउन कुठल्या तिसऱ्याच गाडीतून उतरवलेला. तरी जीप चढ चढते. तांदूळ, कोंबड्या, लग्नाचं वऱ्हाड, जोयड्याच्या कंदमुळांच्या मेळ्याला निघालेली मुडलीची पोती, सगळं पोचतं करते. बाई, तू नक्की कोण, असं तिला कधी कुणी विचारलेलं नाही, आणि तीही कुणाला विचारत नाही.

असं विचारणारी गाडी गावात आणली ती आमच्या भावजींनी.

भावजी म्हणजे धाकट्या बहिणीचे यजमान. आम्ही बेळगावचे, म्हणजे पार्ट आणि सल्ला हे दोन्ही आमच्याकडूनच जायचे. भावजींनी गोव्यातून जुनी डिझेल स्विफ्ट घेतली, पैसे भरून तिचा नंबर दांडेलीचा केला, केए ६५, आणि पाटीला हार घातला. गावातल्या जीपवाल्या आजोबांनी गाडीभोवती एक फेरी मारली, खाली वाकून जमिनीपासूनची उंची बघितली, आणि "पावसाळ्यात बघू" एवढंच बोलून निघून गेले.

आजोबांची जीप हा त्या पंचक्रोशीतला चालता इतिहास. महिंद्रनं १९४९ च्या सुमारास मुंबईत माझगावला विलिज जीपची जुळणी सुरू केली, त्या घराण्यातली ही. मूळचं इंजिन पेट्रोलचं, हरिकेन. १९७३ नंतर पेट्रोलचे भाव भडकले आणि देशभरच्या जीपवाल्यांना एकाच वेळी डिझेलची आठवण झाली. खुद्द महिंद्रनं आपल्या इंटरनॅशनल ट्रॅक्टरचं डिझेल इंजिन जीपमध्ये बसवून विकलं, मग फ्रान्सच्या प्यूजोशी करार करून २११२ सीसीचं एक्सडीपी इंजिन इगतपुरीच्या कारखान्यात बनवलं. कंपनीनंच वाट दाखवल्यावर बेळगावचे मेस्त्री मागे कसे राहतील? उद्यमबागेच्या कारखान्यांत लेथ होते, ओतकाम होतं, आणि 'बसत नाही' हे वाक्य तोंडातून काढायचं नाही असा तिथला अलिखित नियम होता.

त्या काळातली भांडणं लोखंडाची होती. इंजिनाच्या पाठीवरची भोकं आणि गेअरबॉक्सच्या बेल हाऊसिंगची भोकं जुळत नाहीत? मग दोघांच्या मधे जाड प्लेट घाला, एका बाजूला याची भोकं, दुसऱ्या बाजूला त्याची. गेअरबॉक्सच्या शाफ्टचे दाते क्लच प्लेटच्या मधल्या भागात शिरत नाहीत? मग प्लेटचा मधला भाग त्या गाडीचा आणि बाहेरचा या गाडीचा, रिव्हेट ठोकून. शाफ्टचं टोक फ्लायव्हीलमधल्या पायलट बेअरिंगपर्यंत पोचत नाही? बुश करा. यात केसाएवढा फरक राहिला तर गेअरबॉक्स पहिल्या आठवड्यात कण्हायला लागतो आणि महिन्याभरात बेअरिंग हातात देतो. पण हे सगळं डोळ्याला दिसायचं, बोटाला लागायचं. मेस्त्री कागदावर गोल काढायचा, व्हर्नियर लावायचा, तंबाखू मळायचा, आणि प्लेट तयार.

गणित मात्र तेव्हाही चुकायचं, आणि ते प्लेटनं सुटायचं नाही. विलिजच्या मागच्या क्राउनचं प्रमाण ५.३८, म्हणजे इंजिनाकडून येणारा शाफ्ट ५.३८ वेळा फिरला की चाक एकदा फिरतं. पेट्रोल इंजिन मिनिटाला ४००० फेऱ्यांपर्यंत पळायचं, त्याला हे ठीक होतं. ट्रॅक्टरचं इंजिन २००० च्या आसपासच दमतं. त्या चाकाच्या घेराशी हिशेब केला तर टॉप गेअरमध्ये, इंजिन गळा काढून ओरडत असताना, जीप ताशी ५० किलोमीटरच्या घरात अडकते. त्यात डिझेलचा खालचा जोर एवढा, की जुन्या तीन गेअरच्या बॉक्सचे दात पडायचे. आजोबांची जीप आयुष्यभर ५० च्या वर गेली नाही. त्यांना हे ठाऊकच नव्हतं. बाजारकुणंगच्या रस्त्यानं ५० करायची वेळच कधी येऊ दिली नाही, आणि स्पीडोमीटरचा काटा केव्हाच कुणीतरी काढून नेला होता.

ही झाली पूर्वपीठिका. आता स्विफ्ट.

जुलैत एका संध्याकाळी भावजी ओढ्याजवळ आले. पाणी रस्त्यावरून चाललं होतं. पलीकडे आजोबांची जीप उभी होती, म्हणजे ती आत्ताच यातून गेली होती. भावजींनी त्यावरून जो निष्कर्ष काढला तो तर्कशास्त्राच्या पुस्तकात चूक म्हणून छापतात. पाणी बंपरच्या वर आलं, हवेच्या नळीतून आत गेलं आणि इंजिन एका 'टक्' आवाजात बंद पडलं. डिझेल इंजिन हवा दाबून दाबून सतराव्या-अठराव्या हिश्शावर आणतं, मगच डिझेल पेटतं. हवा दबते. पाणी दबत नाही. मग जे दबू शकतं ते दबतं, आणि ते असतं कनेक्टिंग रॉड.

आजोबांनीच जीपनं ओढून गाडी घरी आणली. वाटेत ते एक अक्षर बोलले नाहीत. भावजींच्या मते तो प्रवास ओढ्यापेक्षा वाईट होता.

बेळगावहून मेस्त्रीमामा आले. त्यांनी ऑईल काढलं, खाली वाकून बघितलं आणि निकाल दिला, "रॉड बाहेर आलाय, ब्लॉकला खिडकी पडलीय. हे आता भंगार." नव्या इंजिनाची किंमत ऐकून बहिणीनं गाडीकडे जसं बघितलं, तसं ती सहसा भावजींकडे बघते. मग ठरलं, भंगार बाजारातलं जुनं इंजिन बसवायचं. मेस्त्रीमामांनी दोन दिवसांत फोन केला. "घावलं. व्हिस्टाचं हाय. पण हाय तेच."

आता 'पण आहे तेच' यात मोठी कथा आहे, आणि ती आपल्या महाराष्ट्रातून जाते. फियाटचं १२४८ सीसीचं मल्टिजेट डिझेल इंजिन भारतात इतक्या गाड्यांत बसलं, की गाड्यांवर लिहिणारे लोक त्याला देशाचं राष्ट्रीय इंजिन म्हणायला लागले. मारुतीनं २००७ मध्ये ते स्विफ्टमध्ये घातलं आणि डीडीआयएस म्हटलं. टाटांनी २००८ मध्ये इंडिका व्हिस्टात घातलं आणि क्वाड्राजेट म्हटलं. फियाटनं आपल्या पुंटो-लिनियात मल्टिजेटच ठेवलं, शेवर्लेनं सेलमध्ये स्मार्टेक केलं. मारुतीचं इंजिन बनायचं हरियाणात मानेसरला, टाटा-फियाटचं पुण्याजवळ रांजणगावला. २०२० मध्ये बीएस सहाचे नियम आले तेव्हा हे प्रकरण संपलं, पण तोवर भंगार बाजार त्यानं भरून ठेवला होता.

रांजणगावचं इंजिन म्हटल्यावर भावजी खूश. "म्हणजे मराठी इंजिन!" मानेसरचं जाऊन रांजणगावचं येतंय, यात त्यांना सीमाभागातल्या माणसाला क्वचित मिळणारा विजय दिसला. शिवाय रांजणगावचा महागणपती अष्टविनायकातला. धडाला दुसरं डोकं बसवून चालू केल्याचा पहिला दाखला त्याच देवाच्या घरचा. फक्त तिथे किल्ली ओळखणारा इमोबिलायझर नव्हता, हे भावजींच्या ध्यानात आलं नाही.

फणसाच्या जाड फांदीला चेन ब्लॉक अडकवून स्विफ्टचं इंजिन उतरवलं. गाव जमा झालं. बाजारकुणंगला टीव्हीचे चॅनल येतात, पण फणसाला लटकलेलं इंजिन रोज दिसत नाही. प्रत्येकानं एक एक सल्ला दिला आणि मेस्त्रीमामांनी प्रत्येकाला "व्हय की" म्हटलं, जे बेळगावात 'गप्प बसा' या अर्थानंही वापरतात.

व्हिस्टाचं इंजिन आलं ते अख्ख्या लवाजम्यासह. गेअरबॉक्स जोडलेला, वायरिंगची जुडी लोंबकळणारी, आणि एका पिशवीत वेगळा ठेवलेला ॲल्युमिनियमचा चपटा डबा. ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर. मेस्त्रीमामांचा मुलगा लॅपटॉपवाला, नव्या पिढीचा. त्याचं मत पडलं, की इंजिनाबरोबर त्याचाच ईसीयू लावावा. "पप्पा, ज्याचं त्याला बरं." मेस्त्रीमामा तंबाखू मळत राहिले. पोराला शिकू द्यायचं तर मधे बोलायचं नाही, हे त्यांचं धोरण. पैसे भावजींचे होते.

ईसीयू म्हणजे नेमकं काय हे मला जोयड्याच्या कचेरीवरून उमगलं. तिथे कधीकाळी एक कारकून बघितला होता. समोर माणूस उभा आहे, सगळं गाव सांगतंय की हा अमक्याचाच मुलगा, तोंडावर बापाचं नाक आहे, आणि कारकून मान वर न करता म्हणतो, "दाखला?" ईसीयू अगदी तसाच. इंजिन समोर आहे, डिझेल येतंय, बॅटरी फुल आहे, स्टार्टर फिरतोय. त्याला त्याचं काही नाही. त्याला दाखले पाहिजेत. क्रँक सेन्सरचा दाखला: फ्लायव्हील नेमकं कुठे आहे? कॅम सेन्सरचा: पहिला सिलिंडर कुठल्या घटकेला आहे? रेलमधला डिझेलचा दाब किती, हवा किती आली, पाणी किती तापलं? आणि सगळ्यांत आधी ओळखपत्र: ही किल्ली कुणाची?

किल्लीपाशीच गाडी अडली. किल्लीच्या मुठीत तांदळाएवढी चिप असते, ती इग्निशनभोवतीच्या कड्याला आपला नंबर सांगते, कडं इमोबिलायझरला सांगतं, इमोबिलायझर ईसीयूला. व्हिस्टाच्या ईसीयूला व्हिस्टाच्या किल्लीचा नंबर हवा होता. त्याला मिळाला स्विफ्टच्या किल्लीचा. त्यानं डिझेल बंद केलं. गाडी चोरीची आहे असा त्याचा रीतसर समज झाला, आणि खरं सांगायचं तर त्याच्या जागी मी असतो तरी माझा झाला असता. व्हिस्टाची किल्ली भंगारवाल्याकडे नव्हती. त्यानं फोनवर सांगितलं, "किल्ली कोन देतंय भंगारात? लोकं गाडी टाकत्यात, किल्ली देव्हाऱ्यात ठेवत्यात."

यावर एक गावठी इलाज आहे, तो गॅरेजवाल्यांना माहीत असतो: इंजिन, ईसीयू, इमोबिलायझर, कडं आणि किल्ली असा संपूर्ण संच एकाच गाडीतून उचलायचा, आणि किल्लीतली चिप काढून कड्याजवळ कायमची चिकटवून टाकायची. मग गाडी कुठल्याही किल्लीनं, स्क्रूड्रायव्हरनंसुद्धा चालू होते. चोरापासून गाडी वाचवायला जपान आणि युरोपातल्या माणसांनी जे डोकं चालवलं, त्यावरचं आपलं उत्तर म्हणजे सेलोटेप.

मुलानं स्कॅनर लावला. इथून भाषांचा प्रश्न सुरू झाला. स्कॅनर इंग्रजीत लिहीत होता. मुलगा मदतीला ज्याला फोन करत होता तो हुबळीचा, कन्नड बोलणारा. मेस्त्रीमामा बेळगावी मराठीत विचारत होते, "काय म्हणालाय ते?" भावजी चिडले की कोकणीवर जातात. आणि ईसीयू आपल्या शेजाऱ्यापाजाऱ्यांशी कॅन नावाच्या भाषेत बोलत होता, दोन वळलेल्या तारांवरून. त्या भाषेत व्हिस्टाच्या ईसीयूनं विचारलेलं स्विफ्टच्या मीटरला कळत नव्हतं, आणि मीटरनं दिलेलं उत्तर ईसीयूच्या कानावर पडत नव्हतं. स्कॅनरवर 'यू' नं सुरू होणारे कोड आले की समजावं, घरात अबोला आहे. 'पी' नं सुरू होणारे आले तर निदान दुखणं आहे. पी०५०० म्हणजे गाडीचा वेग कळेना. यू०१०१ म्हणजे गेअरबॉक्सच्या कॉम्प्युटरशी बोलणं तुटलं.

हा शेवटचा कोड भावजींना लागू नव्हता. त्यांचा गेअरबॉक्स हातानं टाकायचा, त्याला बापडा कॉम्प्युटर नाही. पण मुलानं धास्ती घालायला एका मास्तरांच्या सेलेरिओची हकीकत सांगितली. मारुतीनं २०१४ ला सेलेरिओत आपोआप पडणारे गेअर आणले. बॉक्स तोच साधा, फक्त त्यावर क्लच दाबायला आणि गेअर टाकायला यंत्राचे हात बसवले आणि त्या हातांना वेगळा कॉम्प्युटर दिला. मास्तरांच्या गाडीत कुणीतरी साध्या गेअरच्या सेलेरिओचं इंजिन घातलं आणि बरोबर त्याचा ईसीयूही. त्या ईसीयूच्या जन्मात गेअर माणूस टाकत आलेला. शेजारी बसलेला दुसरा कॉम्प्युटर त्याला विनवतोय, "मी आता गेअर बदलतोय, क्षणभर जोर कमी कर." हा ऐकतच नाही, कारण असं कुणी असतं हेच त्याला माहीत नाही. गाडी पहिल्या गेअरमध्ये हिसके देत शाळेपर्यंत गेली. योग्य ईसीयू आणल्यावरही काम संपलं नाही. क्लच नेमका कुठे धरतो तो बिंदू स्कॅनरनं पुन्हा शिकवावा लागला. मास्तर म्हणाले म्हणे, एवढ्यात मी चौथीचा वर्ग शिकवला असता.

मला विचाराल तर या सगळ्यात एक मजेचा उलटफेर आहे. पूर्वी गेअरबॉक्स इंजिनाशी भांडायचा आणि ते भांडण दाताला दात लागून व्हायचं. आता दोघांचं लोखंड निमूट बसतं. मल्टिजेटचा ब्लॉक कुठल्याही कंपनीतला घ्या, मूळ रचना एकाच घरची. पण प्रत्येकानं गेअरचं प्रमाण आपापल्या गाडीच्या वजनाला बेतलेलं, इंजिन टांगायचे ब्रॅकेट वेगळे, एक्सलची लांबी वेगळी, कपलरचे पिन वेगळे. शिवाय ७५ घोड्यांचं मल्टिजेट वेगळं आणि ९० घोड्यांचं वेगळं. नव्वदवाल्याच्या टर्बोतली पाती वळतात, पंच्याहत्तरच्या ईसीयूला पाती वळवायची असतात हे ठाऊकच नसतं. बेळगावच्या माणसाला 'यातला कुठला भाग मूळचा कुणाचा' ही चर्चा नवी नाही. १९६६ ला सीमाप्रश्नावर नेमलेल्या महाजन आयोगापासून आम्ही दुसरं काही केलेलंच नाही. पण आयोगापुढे निदान साक्ष देता यायची.

इंजिनांच्या बोलण्यावरून आजोबांना रेल्वे आठवली. कॅसल रॉक इथून लांब नाही. तिथून कुळ्याला उतरणारा रेल्वेचा घाट ३७ ला १ एवढा चढ-उताराचा, आणि वर येणाऱ्या गाडीला मागून ढकलायला जादा इंजिनं लावतात. पूर्वी पुढचा आणि मागचा ड्रायव्हर शिट्ट्या वाजवून एकमेकांना कळवायचे. आजोबांनी ही गोष्ट फणसाखाली बसून सांगितली, लॅपटॉपकडे बघत. "शिट्टी मारून बघा," म्हणाले.

तिसऱ्या दिवशी मेस्त्रीमामा तंबाखू थुंकून उठले. पोराला म्हणाले, "डोस्कं गाडीचं असतंय, इंजिनाचं न्हवं." एवढंच तत्त्व, पण त्यात सगळी विद्या आली. व्हिस्टाच्या इंजिनावरचं सगळं उपरणं उतरवलं. वायरिंग, सेन्सर, इंजेक्टर, ईसीयू, गेअरबॉक्स, सगळं बाजूला. उरलं नुसतं लोखंड: ब्लॉक, क्रँक, पिस्टन, हेड. त्यावर स्विफ्टचे सेन्सर, स्विफ्टची जुडी, स्विफ्टचे ब्रॅकेट, स्विफ्टचं फ्लायव्हील, स्विफ्टचा क्लच, आणि मागे स्विफ्टचाच गेअरबॉक्स. इंजेक्टरही जुनेच ठेवले. कॉमन रेलच्या बऱ्याच गाड्यांत प्रत्येक इंजेक्टरवर बारीक अक्षरात कोड असतो, तो थेंबाचं माप सांगतो, आणि नवा इंजेक्टर घातला की तो कोड ईसीयूला कळवावा लागतो. त्यासाठी इंटरनेट लागलंच तर त्याची रेंज इथे फक्त देवळाच्या वरच्या टेकडीवर येते. गाडी तिथे ढकलत नेऊन थेंबाचं माप कळवण्यापेक्षा जुनं ओळखीचं बरं.

किल्ली फिरवली. ईसीयूनं किल्ली ओळखली, क्रँक ओळखला, कॅम ओळखला. आतलं सगळं लोखंड बदललंय याचा त्याला पत्ताच लागला नाही. सगळे दाखले बरोबर होते. गाडी चालू झाली. कारकुनाला कसं हाताळायचं ते मेस्त्रीमामांना बरोबर माहीत होतं: माणूस बदला, कागद बदलू नका.

खरा कारकून पुढे दांडेलीला बसलेला. इंजिनाचा नंबर आरसीवर असतो आणि लोखंडावर कोरलेलाही असतो. मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम सांगतं की नोंदणीतला तपशील कंपनीनं मूळ दिलेल्या तपशिलाशी जुळणार नाही असा बदल गाडीत करू नये, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५००० रुपये दंड, किंवा दोन्ही. बहिणीनं हे मोठ्यानं वाचून दाखवलं. भावजींनी इंजिनाच्या खरेदीची पावती, जुन्या ब्लॉकचा फोटो आणि एक लांबलचक अर्ज अशी फाईल केली. अर्जात 'मारुती गाडीत टाटाच्या गाडीतलं फियाटचं इंजिन' हे वाक्य कन्नडमध्ये लिहायला ज्याला बसवलं, त्यानं तीनदा विचारलं की गाड्या नक्की किती आहेत. फाईल गेली आहे. तोवर गाडी घर ते ओढा एवढीच चालते, आणि ओढ्यापाशी हल्ली मागे वळते.

मेस्त्रीमामांचं बिल मात्र लगेच आलं. वहीच्या पानावर, सुवाच्य. जुनं इंजिन. गॅस्केट संच. ऑईल, कूलंट. चेन ब्लॉक भाडं. मजुरी. भावजी एकेका ओळीवर मान डोलवत खाली आले आणि शेवटच्या ओळीवर थांबले.

"मामा, हे काय? 'समजूत काढणे', पंधराशे? कॉम्प्युटरची समजूत काढल्याचे पैसे लावता? तो तर आमचाच, घरचा!"

"कॉम्प्युटरची कशाला?" मामा म्हणाले. "पोराची. दुसऱ्या दिवशी लॅपटॉप घिऊन बेळगावच्या बशीत चढलेला. रामनगरातनं परत आणला त्याला."